जपानात इंग्रजी शिकवायला निघताना

जपानच्या सरकारी शाळेत शिकवायचं तर पदवीबरोबर 12 वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचे दाखले लागतात. मराठी शाळेतून आलेल्यांचं घोडं इथेच अडतं. व्हिसाआधी जपानच्या इमिग्रेशन खात्याकडून मिळणारं पात्रता प्रमाणपत्र 3 महिनेच चालतं. हातात पडताच मुंबईतल्या जपान व्हिसा अर्ज केंद्रात व्हिसाचा अर्ज टाका.

बॅगेत हापूस नको. फळमाशी मारायची वाफेची प्रक्रिया आणि सरकारी सर्टिफिकेट नसेल तर विमानतळावरच काढून घेतात.

खरा खड्डा घरभाड्याचा. डिपॉझिट, दलाली, भाड्याची हमी घेणाऱ्या कंपनीची फी, वर 'रेइकिन', म्हणजे मालकाला दिलेली, परत न मिळणारी रक्कम. सुरुवातीलाच चार-पाच महिन्यांचं भाडं जातं, आणि पहिला पगार बहुधा महिनाभराने. त्यात खोलीत दिवे, शेगडीसुद्धा अनेकदा नसते! राहायला गेल्यापासून 14 दिवसांत पालिकेत रेसिडेन्स कार्डावर, म्हणजे परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्रावर, पत्ता चढवा, नाहीतर बँकेचं खातं अडतं.