प्रिझममधून रंग दिसत नाहीत? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की फोंडा-डिचोलीकडची मुलं प्रिझम घेऊन उन्हात उभी राहतात. भिंतीवर पडतो पांढरा पट्टा, कडेला जरासं तांबडं-निळं. मग प्रिझमच खराब म्हणून तो कपाटात जातो. प्रिझम बहुधा चांगलाच असतो. चुकतं ते प्रकाश आत सोडताना.

मुख्य चूक म्हणजे झोत रुंद ठेवणं. साध्या काचेचा ६० अंशांचा प्रिझम तांबडा प्रकाश साधारण ३८.५ अंशांनी वळवतो, जांभळा ४० अंशांनी. फरक जेमतेम दीड अंशाचा! रुंद झोत आणि हातभर अंतरावर कागद, म्हणजे रंग एकमेकांवर पडून पुन्हा पांढरेच होणार. पुठ्ठ्याला दोन मिलिमीटरची फट पाडा, ती प्रिझमच्या धारेला समांतर ठेवा आणि कागद दोन मीटर लांब न्या. पट्टा सुमारे सात सेंटिमीटर पसरतो. न्यूटनने तर भिंत २२ फूट लांब ठेवली होती.

गोव्याच्या जुन्या घरांत आणखी एक अडचण येते. शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा उजेड डोळ्यांना सुखद असतो, पण तो चहूकडे विखुरलेला असतो. त्याचा झोत होत नाही. खिडकी उघडून थेट ऊन घ्या. भिंत निळी किंवा पिवळी असेल तर तिच्यावर पांढरा कागद लावा, कारण रंगीत भिंत काही रंग गिळते.

पट्टाच गायब झाला? ऊन काचेवर फार सरळ पडत असेल. लंबापासूनचा कोन तीस अंशांपेक्षा कमी झाला की प्रकाश दुसऱ्या बाजूने बाहेर न पडता आतच परावर्तित होतो. प्रिझम सावकाश फिरवा. पट्टा सरकत सरकत जिथे थबकून उलट फिरतो, ती जागा धरा.

पावसाळ्यात एलईडी टॉर्च चालते, पण तिच्यात निळा ठळक येतो आणि निळा-हिरवा यांच्यामध्ये फिकट पट्टा राहतो. तो प्रिझमचा दोष नव्हे. लेझर मात्र घेऊ नका, तो एकाच रंगाचा असतो.

समजावताना ‘प्रिझम रंग तयार करतो’ असं मुलांना कृपा करून सांगू नका. रंग उन्हातच असतात. काचेत जांभळा तांबड्यापेक्षा हळू जातो, म्हणून जास्त वळतो. पट्ट्यातला एकच रंग फटीतून दुसऱ्या प्रिझमवर सोडला तर तो वळतो, पण त्याचे नवे रंग होत नाहीत. न्यूटनने १६७२ साली हेच प्रसिद्ध केलं. प्रदर्शनात दुसरा प्रिझम जरूर ठेवा. आणि प्रिझममधून सूर्याकडे कुणालाही पाहू देऊ नका.