‘माय ब्रदर इज सीइंग थ्री गर्ल्स’ आणि त्यानंतरचं माझं इंग्रजी

कामाला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते, नागपुरातच, आयटी पार्कजवळच्या एका ऑफिसात, क्लायंट इंग्लंडचा. शुक्रवारच्या कॉलवर तिकडच्या मॅनेजर बाईनं सहज विचारलं की वीकेंडला काय प्लॅन. आमच्या घरी तेव्हा दादासाठी मुली पाहणं जोरात सुरू होतं, शनिवारी काटोल, रविवारी वर्धा आणि येता येता हिंगणघाट. मी एकदम कॉन्फिडन्सनं सांगून टाकलं, ‘माय ब्रदर इज सीइंग थ्री गर्ल्स धिस वीकेंड, अँड होल फॅमिली इज गोइंग विथ हिम.’ पलीकडे दोन सेकंद सामसूम, मग ती म्हणे, ‘ओह, हाऊ मॉडर्न.’ आणि इकडे आमचा टीम लीड माईक म्यूट करून टेबलावर डोकं टेकून हसून राहिला होता, मला वाटलं बरंच चांगलं बोलली वाटते मी.

नंतर त्यानंच समजावलं. ‘सी’ म्हणजे डोळ्यानं दिसणं, त्या अर्थानं त्याला सहसा आयएनजी लागतच नाही. आयएनजी लावून माणसाबद्दल बोललं, की बहुतेक वेळा अर्थ होतो त्याच्यासोबत फिरणं, डेट करणं. म्हणजे माझा गरीब दादा एकाच वीकेंडला तीन पोरींसोबत, आणि आईबाबा, आत्या, सगळे सोबत! मी म्हणायला पाहिजे होतं ‘वुई आर लुकिंग फॉर अ मॅच फॉर माय ब्रदर, वुई आर मीटिंग थ्री फॅमिलीज.’

आपल्या नागपूरकरांचा इथे जास्त घोळ होतो असं माझं मत आहे, कारण आपल्याकडे जिथे तिथे ‘राहिला’ आहे, करून राहिला, बसून राहिला, ‘ते पोट्टं मले आवडून राहिलं’. ते डोक्यात तसंच उलटतं आणि तोंडातून निघतं ‘आय ॲम लाइकिंग हिम’, ‘शी इज हॅविंग बॉयफ्रेंड’. लाइक, लव्ह, नो, हॅव म्हणजे जवळ असणं, हे सगळे स्थितीचे शब्द, त्यांना साधाच काळ चालतो. आय लाइक हिम. शी हॅज अ बॉयफ्रेंड. (ते ‘अ’ विसरू नका, मी अजून विसरते.)

तर मग शिकली कशी. माझी मामेबहीण नर्सिंग करून आयईएलटीएसची, म्हणजे परदेशात जायला लागते त्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करत होती, तिला बोलायला पार्टनर पाहिजे होता आणि मला अब्रू वाचवायची होती. आधी आम्ही क्लासवाल्यांच्या विषयांवर बोलून पाहिलं, प्रदूषण, माझा आवडता सण, मोबाईलचे फायदे तोटे, तीन वाक्यात दोघींचा खजिना खलास. मग एका संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर कणीस खात खात ती तिच्या हॉस्टेलमधल्या एका पोरीचं प्रकरण सांगायला लागली आणि मी म्हटलं थांब, हे इंग्रजीत सांग. पंधरा मिनिटं बोलली ती! तुटकं, अडखळत, पण थांबली नाही, कारण गोष्ट अर्धी सोडवतच नव्हती. त्या दिवसापासून आमचा नियम ठरला, कणीस संपेपर्यंत फक्त इंग्रजी आणि विषय एकच, कोणाचं कोणाशी जमलं, कोणाचं तुटलं. नावं बदलून, हे महत्त्वाचं, नागपूर तसं लहानच आहे.

आणि या भानगडींमध्ये सगळं ग्रामर आहे हो. शाळेत ‘चेंज द नॅरेशन’ मार्कांसाठी घोकलं, ते कशासाठी असतं हे कोणी सांगितलं नाही. ते असतं गॉसिपसाठी! ‘ही सेड ही वुड कॉल हर, बट ही नेव्हर डिड.’ तो म्हणाला होता ‘आय विल कॉल’, आपण दुसऱ्याला सांगताना विलचा वुड झाला, विषय संपला. पण गोष्ट अजून चालू असेल तर ‘ही सेज ही लाइक्स हर’ असं साधं चालतं, प्रत्येक वेळी मागे ढकलायचं नाही.

मग ते सिन्स आणि फॉर. मराठीत आपण म्हणतो ते दोन वर्षांपासून सोबत आहेत, म्हणून इंग्रजीत ‘दे आर टुगेदर सिन्स टू इयर्स’ येतं आणि ते चुकतं. ‘दे हॅव बीन टुगेदर फॉर टू इयर्स’ पाहिजे, किती काळ ते सांगायला फॉर, कधीपासून ते सांगायला सिन्स, सिन्स 2021, सिन्स दिवाळी. आणि हॅव बीनच्या जागी चुकून ‘वेअर’ म्हटलं, ‘दे वेअर टुगेदर फॉर टू इयर्स’, तर समोरचा म्हणतो अरेरे सॉरी, कारण त्याचा अर्थ तुटलं. माझ्या एका चुकीनं ऑफिसमधलं एक चांगलं चालू जोडपं दोन दिवस ब्रेकअप झालेलं होतं.

थर्ड कंडिशनलला मात्र उगाच घाबरू नका, ते मराठीत आयतं आहे. त्यानं फोन केला असता तर ती गेली असती, ‘इफ ही हॅड कॉल्ड, शी वुड हॅव गॉन.’ असता आणि असती, दोन्ही बाजूंना काहीतरी लागतं तसंच तिकडेही लागतं.

खरी मजा त्या छोट्या छोट्या शब्दांची. ‘आस्क हर आउट’ म्हणजे भेटायला चलतेस का विचारणं, ‘टर्न हिम डाउन’ नाही म्हणणं, ‘स्टँड समवन अप’ म्हणजे बोलावून स्वतः यायचंच नाही. हे शेवटचं बहिणीला माहीत नव्हतं, तिनं क्लासच्या मॉक टेस्टमध्ये वडिलांबद्दल छान भावनेनं सांगितलं, ‘माय फादर ऑल्वेज स्टूड मी अप.’ तिला म्हणायचं होतं मला उभं केलं, पाठीशी राहिले, त्याला असतं ‘स्टूड अप फॉर मी’. टेस्ट घेणाऱ्या मॅडम बिचाऱ्या म्हणाल्या, आय ॲम सो सॉरी टू हिअर दॅट. आणि जागेचंही पाहा, आस्क हर आउट, टर्न हिम डाउन यात हर, हिम मधे बसतात, पण ‘गेट ओव्हर हिम’ मध्ये शेवटीच, गेट हिम ओव्हर नाही होत. याला युक्ती वगैरे काही नाही, दहादा बोललं की कान सांगतो.

मुहावऱ्यांसाठी मी एक केलं, वहीत अर्थ लिहायचाच नाही, आपल्याकडचा जुळणारा शब्द शोधायचा. ‘प्लेइंग हार्ड टू गेट’ म्हणजे भाव खाणं. ‘लेड हर ऑन’ म्हणजे झुलवत ठेवलं. ‘दे हिट इट ऑफ’, पहिल्याच भेटीत जमलं. ‘थर्ड व्हील’ म्हणजे कबाब में हड्डी, फुटाळ्यावर मी बऱ्याचदा तीच असते. ‘गोइंग डच’ म्हणजे आपलं टीटीएमएम, तुझं तू माझं मी. बहिणीला मात्र बरेच दिवस वाटायचं की ‘दे वेंट डच’ म्हणजे एकानं दुसऱ्याला डच्चू दिला. नाही ना बाप्पा, डच्चूला ‘डम्प्ड’ म्हणतात.

आता तीन शब्द असे की इंग्रजी असून आपले झालेत आणि तिकडे गेले की फसवतात. एक, प्रपोज. आपल्याकडे कॉलेजात कोणीही कोणालाही प्रपोज करतो, तिकडे प्रपोज म्हणजे डायरेक्ट लग्नाची मागणी, आणि ‘प्रपोज्ड टू मी’, टू पाहिजे. दोन, अफेअर. मी काकाकाकूंच्या लव मॅरेजबद्दल प्रेमानं सांगितलं की लग्नाआधी त्यांचं पाच वर्षं अफेअर होतं, ऐकणाऱ्याला वाटलं दोघांपैकी एकाचं आधीच लग्न झालेलं होतं. तीन, मॅरी विथ. विथ नको, ‘शी मॅरीड हिम’, ‘शी इज मॅरीड टू हिम’.

‘डेट’ या शब्दाची गोष्ट तर मला फार आवडते. भेटीगाठीच्या अर्थानं तो छापून आला 1896 साली, शिकागोच्या एका पेपरात, जॉर्ज एड नावाच्या पत्रकाराच्या सदरात. त्यात एक पोरगा आपल्या मैत्रिणीला म्हणतो की माझ्या सगळ्या तारखा आता दुसराच भरून राहिला वाटते. म्हणजे डेट ही आधी कॅलेंडरवरची तारीखच होती. ‘घोस्टिंग’, म्हणजे काही न सांगता अचानक बोलणंच बंद करून गायब होणं, तर अगदी नवीन, मेरियम वेबस्टरच्या डिक्शनरीत या अर्थानं आलं 2017 ला. म्हणून जुन्या यादीतले मुहावरे पाठ करून कोंबू नका. आयईएलटीएसचं स्पीकिंग 11 ते 14 मिनिटांचं असतं, शब्दसंपदा चार निकषांपैकी एक, मुहावरे नैसर्गिक आले तर फायदा आहे, पण घुसवलेला मुहावरा पोह्यातल्या खड्यासारखा दातात येतो, आणि ग्रामर हलकं असेल तर तो वाचवतही नाही.

एक सावधगिरी. हे सगळं समजायला आणि आपसात बोलायला शिका, ऑफिसमध्ये परदेशी माणसाला ‘आर यू सीइंग समवन’ विचारत सुटू नका. आपल्याकडे लग्न झालं का हे रिक्षात बसल्याबसल्या विचारतात, तिकडे ते खाजगी. त्यांनी स्वतः सांगितलं तर ऐकायचं आणि ‘हाऊ डिड यू टू मीट?’ एवढं विचारायचं, पुढचं तेच बोलतात, आपण ऐकून ऐकून शिकायचं.

बहिणीला आयईएलटीएसमध्ये पाहिजे तेवढे बँड, म्हणजे गुण, मिळाले, ती परदेशी गेली. दादाचं वर्ध्याला जमलं. मी कॉलवर सांगितलं की माय ब्रदर इज गेटिंग मॅरीड, तर ती मॅनेजर लगेच, ‘व्हिच वन ऑफ द थ्री?’

म्हटलं, ‘द सेकंड वन. दे हिट इट ऑफ.’