‘हे तुला कुणी सांगितलं?’ : हायस्कूलच्या पत्रकारितेच्या तासाला शिकायचं कसं

माझी पहिली बातमी शाळेच्या ग्रंथालयाबद्दल होती. ग्रंथालय लवकर बंद होतं, मुलांची गैरसोय होते, कुणाला त्याचं काही नाही, असं सगळं मी चारशे शब्दांत तावातावाने लिहिलं. बाईंनी कागद परत दिला तेव्हा समासात नऊ ठिकाणी एकच प्रश्न होता : ‘हे तुला कुणी सांगितलं?’ माझ्याकडे नऊपैकी एकाचंही उत्तर नव्हतं. ग्रंथपालांशी मी बोललेच नव्हते. गेले तेव्हा कळलं की मदतनिसाची जागा सहा महिने रिकामी होती आणि त्या एकट्या दोघींचं काम ओढत होत्या. बातमी तिथे होती. मी लिहिली होती ती नुसती तक्रार.

म्हणून तू पत्रकारितेचा विषय घेतला असशील, तर पहिल्या आठवड्यापासून ही सवय लाव. मसुदा झाला की प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने हा प्रश्न लिही. चालणारी उत्तरं तीनच : मी स्वतः पाहिलं, अमक्याने सांगितलं, अमक्या कागदात आहे. ‘सगळ्यांना माहीतच आहे’ असं उत्तर आलं, की वाक्य खोड किंवा शोधायला बाहेर पड. माझे सुरुवातीचे मसुदे यात निम्मे गळायचे. वर्षभराने फारसं गळेनासं झालं, कारण लिहायला बसण्याआधीच मी विचारून आलेली असायचे.

सहा ककार वर्गात पाठ करून घेतात. कोण, काय, कुठे, कधी ही उत्तरं एका फेरीत मिळतात. ‘का’ आणि ‘कसं’ यांच्यासाठी त्याच माणसाकडे पुन्हा जावं लागतं, तेवढा वेळ डेडलाइनच्या आधी राखून ठेव. इंट्रोत, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात, सहाही कोंबू नकोस. सगळ्यात महत्त्वाचं आधी, मग उतरत्या क्रमाने बाकीचं. पानावर जागा कमी पडली तर शेवटचा परिच्छेद कापला जाणार, हे धरूनच लिहायचं.

मुलाखतीवर मात्र जास्त मेहनत घे, कारण माणूस म्हणून वाढ होते ती इथेच. मी फार लाजाळू होते. बाईंनी मला सोपी युक्ती दिली : पहिला प्रश्न नावाचा. ‘तुमचं नाव कसं लिहिता?’ असं विचारून वहीत लिहायचं आणि वही त्यांच्यापुढे धरायची. नाव बरोबर येतं आणि बोलायला सुरुवातही होते. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून संपेल असा प्रश्न विचारू नये. ‘तुम्हाला वाईट वाटलं का?’ यापेक्षा ‘त्या दिवशी काय काय झालं?’ बरा. उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी मनात पाच आकडे मोजायचे. त्या शांततेत लोक खरं काय ते बोलतात, हा माझा अनुभव आहे. रेकॉर्डिंग परवानगी घेऊनच करायचं आणि तरीही वहीत लिहायचं. अवतरणचिन्हांत फक्त त्या माणसाचे शब्द असावेत, तू सुधारलेले नकोत. ‘हे छापू नकोस’ याचा करार बोलण्याआधी व्हायला हवा. पण समोरचा आपल्याच वयाचा असेल आणि घाबरून नंतर तसं म्हणाला, तर बाईंना विचारल्याशिवाय मी ते कधीच वापरलं नाही.

जिच्यावर आरोप आहे त्या व्यक्तीला विचारलंस का? हे कळायला मला अमेरिकेतल्या हेझलवूड प्रकरणाची मदत झाली. १९८३ साली मिसूरी राज्यातल्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या ‘स्पेक्ट्रम’ या वृत्तपत्राची दोन पानं काढून टाकली. त्यांत विद्यार्थिनींचं गरोदरपण आणि पालकांचे घटस्फोट यांवरचे लेख होते. मुलं न्यायालयात गेली आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ३ मतांनी हरली. मी आजही त्या मुलांच्या बाजूची आहे, ते विषय छापण्यासारखेच होते. पण मुख्याध्यापकांच्या आक्षेपांपैकी एक मला खोडता येत नाही : घटस्फोटाच्या लेखात एका मुलीची वडिलांबद्दल तक्रार होती आणि वडिलांना उत्तर द्यायची संधी मिळाली नव्हती. बंदीला उत्तर द्यायचं असेल, तर आपल्या बातमीत अशी फट ठेवून चालत नाही.

मित्रमैत्रिणींच्या बातम्या घेऊ नकोस, दुसऱ्याला दे. लेखाला कात्री लागली की राग येतो. एक रात्र जाऊ दे आणि मग वाच. जुने मसुदे मात्र फेकू नकोस, लाल शाईसकट जपून ठेव.

शेवटी, चुका. तिसऱ्या अंकात मी एका प्रशिक्षकांचं आडनाव चुकवलं, कारण त्या दिवशी वही पुढे धरली नव्हती. चूक कळेल त्याच दिवशी संपादकाला सांगायची. दुरुस्ती पुढच्या अंकात कुठे आणि किती ओळींत छापायची हे संपादक ठरवेल, पण ती छापून येण्याआधी त्या माणसाकडे बातमीदाराने स्वतः जायचं आणि समोर उभं राहून सांगायचं.