जुनी लष्करी रायफल पारखताना

जुन्या लष्करी बंदुका जमवण्याच्या छंदाकडे वळणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: जुनी रायफल मिळेल कुठे? मुंबईत सुरुवात खरेदीपासून करूच नका. चालू स्थितीतली थ्री नॉट थ्री, म्हणजे ब्रिटिश फौजेची ली-एनफिल्ड रायफल, प्रतिबंधित बोअरमध्ये (सामान्य माणसाला बंदी असलेल्या नळीच्या मापात) मोडते, म्हणजे तो विषयच संपला. बाकी बंदुकांचं म्हणाल, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर माणशी दोनच. आजोबांकडून आलेलीही त्यातच धरतात. दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा पुरातन हत्याराला शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे खरी. पण समोरचं हत्यार त्यात बसतं का, हे विक्रेत्याला नव्हे, पोलिसांच्या परवाना शाखेला विचारायचं, तेही लेखी.

तेव्हा आधी नजर तयार करा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं शस्त्रदालन आहेच.

ली-एनफिल्ड समोर आली की बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या भागाच्या मागे, लाकडी दस्ता जिथे धातूत बसतो तिथली उजवी बाजू बघा. मुकुट, राजाची अक्षरं, कारखाना, वर्ष, मॉडेल, सगळं तिथे ठोकलेलं असतं. मग नंबर जुळवा: बोल्टच्या दांडीवरचा, बॉडीवरचा, नळीवरचा. बोल्टचा नंबर वेगळा निघाला तर किंमत उतरते, पण रायफल खोटी ठरत नाही. फौजेत सुटे भाग बदलतच. मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) पुढे लाकडातून आडवा जादा स्क्रू गेलेला दिसला, तर ती भारतात वापरली गेलेली असणार. मला अशी वापरलेलीच जास्त आवडते, कोरी करकरीत नाही.

चोर बाजारात मात्र तारखा तपासा. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, तिच्या नावाच्या ‘व्ही. आर.’ या अक्षरांखाली १९०५ असेल तर माल नकली. लॉकवर, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या पट्टीवर, ईस्ट इंडिया कंपनीचा सिंह आणि साल १८७० असेल तरी तेच, कंपनीचं राज्य १८५८ मध्येच गेलं. गंजाचा रंग आणि विक्रेत्याची गोष्ट, दोन्ही हवी तशी तयार करून मिळतात.

घरी आणून पॉलिश पेपर मारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त किंमत सांगत नाही. मुंबईच्या दमट हवेत पातळ तेलाचा हात पुरतो.

आणि ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू भरायची, बंदूक हाताळण्याआधी एक करा. आत जुना बार राहिलेला असू शकतो. तोंड स्वतःकडे न ठेवता गज हळूच आत सोडा, नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघा. टोक रंजकाच्या भोकापर्यंत (नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या, दारू पेटवायच्या छिद्रापर्यंत) पोचलं नाही, तर बंदूक आहे तिथेच ठेवायची आणि परवानाधारक बंदूकवाल्याला बोलवायचं.