फोडणी बंद करू नका, तेल मोजा

ह्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी फोडणीच बंद केली. उकडलेला दुधी, कोरडी पोळी, पाणीदार वरण. दीड महिना मुकाट्याने गिळलं ह्यांनी. मग एकदा धुणं भिजवताना सदऱ्याच्या खिशात खारीचा भुगा सापडला. रोज संध्याकाळी फिरायला म्हणून जायचे ते कोपऱ्यावरच्या बेकरीत. त्या दिवशी मी फार रडले. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आहारतज्ज्ञ बाईंनी मला नीट समजावलं. अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या बारीक जाळीच्या नळीने, म्हणजे स्टेंटने, एका जागचा अडथळा दूर होतो, बाकीच्या रक्तवाहिन्या तशाच राहतात. त्यांना आतून एक नाजूक अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, म्हणून वाहिनी गरजेप्रमाणे सैल होते. अस्तर बिघडलं की ती आखडते आणि कोलेस्टेरॉल साचायला वाव मिळतो. स्पेनमध्ये कोर्दोबाला १,००२ हृदयरुग्णांवर ७ वर्षं अभ्यास झाला. एका गटाला कमी स्निग्धांशाचं जेवण, दुसऱ्याला ऑलिव्ह तेल, सुका मेवा, भाज्या, कडधान्यं, मासे. दुसऱ्या गटात झटके, पक्षाघात अशा घटना एकूण कमी झाल्या, आणि वर्षभरातच वाहिन्या सैलावण्याची क्षमताही जास्त सुधारलेली दिसली. म्हणजे स्निग्ध पदार्थ कोणता, हे बघायचं. वनस्पती तूप, खारी, तळण, फरसाण घरातून गेलं. शेंगदाणा तेलाची फोडणी परत आली. दोघांत महिन्याला एक लिटर, पहिल्या तारखेला बरणीत काढून ठेवते. मूठभर अक्रोड-बदाम चहाच्या वेळी, खारीच्या जागी. जवस भाजून कुटूनच चटणी करा, अख्खे दाणे पचत नाहीत. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा, कालवणात.

मिठाचं मात्र मला सगळ्यात जड गेलं. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोटा चमचा. अंदाजाने हे कधीच जमत नाही. मी रविवारी काट्यावर ६० ग्रॅम मीठ तोलून छोट्या स्टीलच्या डबीत भरते. दोघांना आठवडाभर तेवढंच. कणीक, आमटी, ताक, सगळं त्यातून. पहिल्या आठवड्यात गुरुवारीच डबी रिकामी झाली. मग कणकेतलं मीठ बंद केलं, पापड-लोणचं सणापुरतं ठेवलं, आमटीला आमसूल आणि जिरेपूड वाढवली. आता रविवारी सकाळी डबीत चिमूटभर उरतं. कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, मूत्रपिंड अधू असेल तर धोका.

मंडईतून पालक, मुळा, बीट आणते. यांतल्या नायट्रेटचं शरीरात नायट्रिक ऑक्साइड होतं. सुरुवात तोंडातल्या जिवाणूंपासून होते. नायट्रेट पाण्यात उतरतं, म्हणून पालक शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, त्यातच डाळ घोटा. भाकरी ज्वारीची.

वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवूही नका आणि तोडूही नका. किती खाता ते डॉक्टरांना सांगा, गोळीचा डोस त्यावर बसवतात.