दुःखात असलेल्या घराची गोष्ट कमी बजेटमध्ये शूट करताय? या चुका टाळा

घरातलं कुणीतरी गेलंय, मागे राहिलेले एकमेकांशी धड बोलत नाहीत आणि तरी सगळे एकाच छताखाली राहतायत. पहिली इंडिपेंडंट फिल्म करताना हा विषय बरेच जण घेतात, कारण एक घर, चार कलाकार, छोटी टीम, एवढ्यात भागतं. मीही याच कारणाने एक शॉर्ट फिल्म केली होती. पण अशा फिल्ममध्ये पळापळ नसते, डोळे दिपवणारं काही नसतं, प्रेक्षक पूर्ण वेळ माणसांच्या चेहऱ्याकडे बघत असतो, त्यामुळे जरा काही खोटं पडलं की लगेच कळतं.

सगळ्यात मोठी चूक कॅमेऱ्याच्या आधीच होते, स्क्रिप्टमध्ये. आपण अख्खं घर एकाच वेळी आणि एकाच पद्धतीने दुःखी करून टाकतो. आई रडतेय, बाबा खिडकीतून बाहेर बघतायत, मुलगा अंधारात बसलाय. काही जण नकार, राग, घासाघीस, निराशा, स्वीकार या पाच पायऱ्यांवर पात्रं चढवत नेतात. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉसने हे १९६९ मध्ये मांडलं ते मुळात स्वतःचा मृत्यू समोर दिसणाऱ्या पेशंटांशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी ते नंतर वापरलं जाऊ लागलं. लेखनासाठी मला शोकाचा अभ्यास करणाऱ्या स्ट्रोबे आणि शुट या संशोधकांचं १९९९ चं मॉडेल खूप जास्त उपयोगी पडलं. त्यांचं म्हणणं असं की माणूस दोन टोकांमध्ये हेलकावे खातो, एकदा गेलेल्या माणसाकडे आणि एकदा रोजच्या कामांकडे, बिलं, कागदपत्रं, नवीन जबाबदाऱ्या. आता विचार करा, एकाच घरात दोन माणसं उलट्या टोकांना असली तर काय होईल? तिथेच घर तुटतं, तुमची गोष्ट तिथेच आहे.

उदाहरण देतो. आई गेलेल्या मुलाचा मोबाईल नंबर बंद करायला कस्टमर केअरला फोन करते. पलीकडचा माणूस नियमाप्रमाणे म्हणतो, ज्यांच्या नावावर नंबर आहे त्यांना फोन द्या. आई म्हणते, "तो नाही बोलू शकणार." शांतपणे, हातात पेन, समोर फॉर्म. बाजूच्या खोलीत मुलगी हे ऐकतेय आणि तिला वाटतंय की आईला त्याचं सगळं पुसून टाकायची घाई झालीये. ती अजून रोज रात्री त्या नंबरवर मेसेज करते, आईला हे माहीतच नाही. दोघी चुकीच्या नाहीत, कुणी रडत नाहीये, आणि सीन उभा राहतो.

याच्याच जोडीची चूक म्हणजे डायलॉगमध्ये सगळं सांगून टाकणं. "दादा गेल्यापासून तू किती बदललास" असं घरातलं माणूस घरातल्याला म्हणत नाही हो, दोघांनाही ते माहीत असतं. भांडण होतं ते कपाटाची किल्ली कुणी घेतली यावरून. सीन अडकला असेल तर हे करून बघा, गेलेल्या माणसाचा थेट उल्लेख असलेली प्रत्येक ओळ खोडा आणि परत वाचा. बहुतेक वेळा सीन सुधारतो, कोसळलाच तर समजायचं की त्यात त्या उल्लेखाशिवाय काही नव्हतंच.

आता शूटिंग. रडण्याच्या सीनमध्ये आपण सवयीने आधी वाइड म्हणजे लांबून अख्खी खोली, मग मिड म्हणजे कमरेपर्यंत, शेवटी चेहऱ्याचा क्लोजअप घेतो आणि तोवर नट पूर्ण रिकामा झालेला असतो. ज्या शॉटमध्ये चेहरा सगळ्यात महत्त्वाचा आहे तो आधी घ्या, वाइड नंतर घेतला तरी चालतं. रिहर्सलला फक्त हालचाली आणि जागा बसवा, पूर्ण भावना मागू नका. आणि कलाकाराला आधी एकट्यात विचारा, अलीकडे जवळचं कुणी गेलंय का, कुठला सीन जड जाईल का. हे विचारायला दोन मिनिटं लागतात, पण आपण विचारत नाही. अश्रू येत नसतील तर मेंथॉल स्टिक असते, डोळ्यांच्या खाली लावायची, डोळ्यांत नाही. पण खरंच अश्रू लागतात का तेही बघा, रशियन दिग्दर्शक कुलेशॉव्हच्या प्रयोगात नटाचा एकच निर्विकार चेहरा शवपेटीच्या शॉटनंतर लावला तर बघणाऱ्यांना त्यात दुःख दिसलं. चेहऱ्याच्या आधी आणि नंतर काय लावताय यावर बरंच काही ठरतं.

साऊंडवर मात्र मी हात जोडून सांगतो, पैसे वाचवू नका. या फिल्ममध्ये शांतता हे एक पात्र असतं आणि कॅमेऱ्यावरच्या माईकने शांतता रेकॉर्ड होत नाही, नुसती घरघर होते. माझ्या फिल्ममध्ये मुलगा बहिणीचं कपाट रिकामं करतो असा सीन होता, टेक अप्रतिम झाला, सगळे गप्प झाले होते, आणि एडिटला कळलं की मध्येच फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झालाय, म्हणजे कट केला की आवाज उडी मारतो. तेव्हापासून टेकच्या आधी फ्रीज आणि पंखे बंद, आणि स्वतःची किल्ली फ्रीजमध्ये, म्हणजे जाताना तो चालू करायला विसरत नाही. प्रत्येक खोलीत निदान ३० सेकंद, जमलं तर पूर्ण १ मिनिट रूम टोन म्हणजे कुणी न बोलता त्या खोलीचा नुसता आवाज घ्या, सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहून. बूम, म्हणजे दांड्यावरचा माईक, फ्रेमच्या काठाला जितका जवळ येईल तितका आणा, कपड्यातला लेपल माईक छातीशी मिठी मारली की खरखरतो आणि या फिल्ममध्ये मिठ्या असणारच. रेकॉर्डरवर सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि आवाजाची लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. हळू झालेला आवाज पुष्कळदा वाचवता येतो, फाटलेला सहसा नाही. ओळ खराब झाली असेल तर त्याच दिवशी, त्याच खोलीत, कॅमेरा बंद ठेवून परत बोलून घ्या, महिन्यांनी डबिंगमध्ये तो श्वास परत येत नाही.

बाकीचं पटकन. ऑटो व्हाइट बॅलन्स आणि ऑटो एक्स्पोजर बंद, नाहीतर शॉटच्या मध्येच रंग आणि उजेड बदलतो. दिवे लुकलुकत असतील तर ५० हर्ट्झच्या विजेला शटर १/५०, ६० ला १/६०. फुटेजच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या स्टोरेजवर, एक दुसऱ्या ठिकाणी. एकाच घरात शूट आहे ना, मग शक्य तितकं गोष्टीच्या क्रमाने करा, कलाकारांमधला ताण हळूहळू साचत जातो आणि ते पडद्यावर दिसतं. मागे टीव्हीवर गाणं वाजतंय असा सीन ठेवू नका, गाण्याच्या रचनेचे आणि त्या रेकॉर्डिंगचे हक्क वेगवेगळे असतात, दोन्ही घ्यावे लागतात.

एडिटमध्ये सीन हलत नाहीये असं वाटलं की आपण पियानो घालतो, किंवा गेलेला माणूस स्लो मोशनमध्ये हसताना दाखवतो. त्याआधी संगीत पूर्ण काढून बघा. मग बोलणाऱ्यावरून कट उचलून ऐकणाऱ्यावर न्या, आवाज चालू राहू दे.

आणि सेटवर "कट" म्हणायची घाई करू नका, डायलॉग संपल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. त्या कपाटाच्या सीनमध्ये पहिल्या टेकला मी लगेच कट म्हटलं होतं. दुसऱ्या टेकला थांबलो, तर त्या मुलाने पिशवीत भरलेला एक शर्ट बाहेर काढला, हॅंगरला लावला आणि परत कपाटात अडकवला. स्क्रिप्टमध्ये हे कुठेच नव्हतं.