रविवारच्या टर्मिनल लॅबआधी रंगांची तयारी

घणसोलीच्या लॅबमधे रविवारी जी टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करून संगणक चालवायच्या खिडकीची, बॅच आहे ती यावेळी तुम्ही दोघं घेताय, म्हणून हे लिहून ठेवतोय. पासवर्ड, वायफाय, हजेरी हे तुम्हाला माहितीच आहे, मी फक्त रंगांचं लिहितो कारण गेल्या वेळी आमचा पहिला पाऊण तास त्यातच गेला. विम या एडिटरची तीच थीम (रंगसंच) माझ्या लॅपटॉपवर छान दिसत होती आणि मुलांच्या मशीनवर भडक, विटक्या रंगांची, मग सगळे मिळून विमआरसी ही विमची सेटिंगची फाइल उकरत बसलो आणि घोळ तिथे नव्हताच.

तर शनिवारी घरी बसूनच एक गोष्ट पक्की करून घ्या की रंग एकटा कोणी ठरवत नाही. टर्मिनलची खिडकी स्वतः किती रंग काढू शकते, टर्म हे व्हेरिएबल (ज्यात टर्मिनल स्वतःचा प्रकार सांगतं) काय सांगतंय, मधे टीमक्स किंवा स्क्रीन (एका टर्मिनलमधे अनेक खिडक्या चालवणारे प्रोग्रॅम) बसलंय का, सर्व्हरवर त्या नावाची टर्मइन्फोमधे (कुठल्या टर्मिनलला काय जमतं त्याच्या यादीत) नोंद आहे का, आणि शेवटी प्रोग्रॅम यातल्या कुणाचं ऐकतो. एक जरी कडी कमी पडली की पुढे रंग कमीच जाणार.

फळ्यावर लिहायचे आकडे वहीत उतरवून न्या, आयत्या वेळी गोंधळ होतो. १९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनल यंत्राला रंगच नव्हते, ठळक, अधोरेखित, उलटं, लुकलुकणारं एवढंच. नंतर जे रंग आले त्यात अक्षरासाठी कोड ३० ते ३७ आणि मागच्या पार्श्वभूमीसाठी ४० ते ४७ असे ८, आणि त्यांचेच उजळ भाऊ ९० ते ९७ आणि १०० ते १०७, म्हणजे १६. मुलांना इथे थांबून सांगा की या १६ रंगांची छटा पक्की नसते, ३१ म्हणजे लाल पण कुठला लाल ते तुमची थीम ठरवते. सोलराइज्ड थीममधे तर उजळ रंगांच्या बऱ्याच जागांवर करडे रंग बसवलेत आणि गडद प्रकारात उजळ काळा हा थेट पार्श्वभूमीचाच रंग आहे, त्यामुळे एखाद्या प्रोग्रॅमने त्या रंगात लिहिलं की अक्षर गायब, आणि बिचाऱ्या मुलाला वाटतं कमांडच चालली नाही.

२५६ रंगांचं गणित मात्र नीट वेळ देऊन शिकवा, मुलांना ते फार आवडतं. पहिले १६ (० ते १५) तेच, मग १६ ते २३१ हा ६ गुणिले ६ गुणिले ६ चा ठोकळा म्हणजे २१६ रंग, आणि २३२ ते २५५ या २४ करड्या छटा. ठोकळ्यातला नंबर काढायला १६ अधिक ३६ गुणिले लाल अधिक ६ गुणिले हिरवा अधिक निळा, प्रत्येक ० ते ५. लाल ५, हिरवा २, निळा ० घेतलं की २०८ येतो, मस्त नारिंगी. तो पडद्यावर काढायला एस्केप हे न दिसणारं अक्षर, उघडणारा चौकटी कंस, ३८;५;२०८ आणि एम. या ० ते ५ च्या प्रकाशाच्या पायऱ्या ०, ९५, १३५, १७५, २१५, २५५ अशा आहेत, म्हणजे पहिली उडी एकदम ९५ ची आणि पुढच्या ४० च्या, त्यामुळे गडद रंग फार थोडे मिळतात आणि अंधाऱ्या थीम २५६ मधे डागाळल्यासारख्या दिसतात. ट्रूकलरमधे, म्हणजे छटा थेट सांगायच्या पद्धतीत, ३८;२ आणि पुढे लाल, हिरवा, निळा प्रत्येकी ० ते २५५, एकूण १,६७,७७,२१६ रंग.

आता लॅबमधलं. सकाळी ठाण्याहून नऊच्या आतली ट्रान्स-हार्बर पकडा म्हणजे मुलं यायच्या आधी प्रत्येक मशीनवर बसता येईल. प्रत्येक ठिकाणी टीपुट कलर्स ही कमांड चालवा, किती रंग मिळतात ते ती सांगते. ८ आलं तर लगेच टर्म बघा, बहुतेक नुसतं एक्सटर्म (८ रंगांचा प्रकार) असेल. गेल्या वेळचा घोळ हाच, लॅबमधून सर्व्हरवर पुटी या प्रोग्रॅमने जातात आणि त्यात कनेक्शनच्या डेटा पानावर टर्मिनलचा प्रकार एक्सटर्म असा आधीपासून भरलेला असतो, तो आम्ही बदललाच नव्हता. तिथे एक्सटर्म-२५६कलर लिहून सेशन सेव्ह करा, नाहीतर पुढच्या वेळी परत तेच. डॉकर कंटेनरमधेही (संगणकातल्या वेगळ्या बंदिस्त जागेत) एक्सटर्मच मिळतं, तिथेही आकडा ८ येईल, दचकू नका.

आणि कृपा करून बॅशआरसीमधे (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फाइलमधे) टर्म एक्स्पोर्ट करून ठेवू नका, नेटवर शंभर ठिकाणी हा उपाय दिसेल तरी नाही. टर्म सांगायचं काम टर्मिनलचं आहे. तुम्ही जबरदस्तीने २५६ लिहिलंत की खिडक्यांशिवायच्या साध्या लिनक्स कन्सोलवरही तेच खोटं सांगितलं जातं, टीमक्सच्या आतही तेच, आणि ज्या जुन्या टर्मिनलला ३८;५ कळत नाही ते त्यातला ५ वेगळा वाचून अक्षरं लुकलुकवायला लागू शकतं.

टीमक्स वापरणार असाल तर त्याच्या कॉन्फिगमधे डिफॉल्ट-टर्मिनल टीमक्स-२५६कलर करा आणि ट्रूकलर हवा असेल तर आवृत्ती ३.२ पासून टर्मिनल-फीचर्समधे बाहेरच्या टर्मिनलसाठी आरजीबी जोडा. विममधे टर्मगुईकलर्स ही ट्रूकलरची सेटिंग हे सगळं झाल्यावरच लावायची. एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर जाताना टर्म पलीकडे जातं पण कलरटर्म (ट्रूकलर चालतो असं सांगणारं व्हेरिएबल) सहसा आपोआप जात नाही, म्हणून इकडे ट्रूकलर आणि तिकडे २५६ असं होऊ शकतं, ते आधीच सांगून ठेवा. खात्री करायला लाल ते निळा असा सलग पट्टा छापणारी छोटी स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर घ्या, पट्टा सरसर बदलला तर ठीक, ठोकळे-ठोकळे दिसले तर मधे कुठेतरी २५६ वर आणून सोडलंय.

प्रोजेक्टरचं विसरू नका, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. काळ्यावर गडद निळं तिथे वाचताच येत नाही आणि फाइलींची यादी दाखवणारं एलएस फोल्डर नेमके ठळक निळ्यात दाखवतं. एलएस_कलर्समधे (त्याचे रंग ठरवणाऱ्या व्हेरिएबलमधे) डीआय, म्हणजे फोल्डरसाठीच्या, ०१;३४ च्या जागी ०१;३६ करा. मागच्या बॅचमधे एका मुलाला लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नव्हता, बिचारा दोन तास गप्प बसला होता, गिट डिफ (फाइलमधले बदल दाखवणारी कमांड) शिकवून झाल्यावर हळूच येऊन बोलला. मला फार वाईट वाटलं. तेव्हा तोंडाने लाल ओळ, हिरवी ओळ म्हणू नका, वजाची ओळ, अधिकची ओळ म्हणा, चिन्हं तिथे असतातच.

नोट्सच्या झेरॉक्स काळ्या-पांढऱ्याच येणार आहेत, म्हणून आउटपुट फाइलमधे घेताना शब्द शोधायच्या ग्रेप कमांडला कलर ऑलवेज देऊ नका, एस्केपचा कचरा छापला जातो. पानापानाने वाचायच्या लेस कमांडमधे रंग बघायचे तर मोठा आर लावायचा.

सगळं झालं की प्रोजेक्टरवर गिट डिफ उघडा, लाइट चालू ठेवा, खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसा आणि पूर्ण वाचा. अडखळलात तर फॉन्ट वाढवा, थीम बदला, परत जाऊन बसा. मग दार उघडा.